ॲप काढताय? मग सगळं भाड्यानं घ्या

ॲप काढायचं ठरलंय ना? मग एवढं पथ्य पाळा: स्वतःचं असं काही ठेवायचं नाही. लॉगिन एकाचं, नकाशा दुसऱ्याचा, ओटीपी तिसऱ्याचा, डेटाबेस चौथ्याचा. तुमचा फक्त लोगो. तोही फुकटच्या टेम्प्लेटमधून उचलला असेल तर सोन्याहून पिवळं.

टीममध्ये एखादा शहाणा म्हणेलच, "निदान ग्राहकांची यादी तरी आपल्याकडे ठेवू या." त्याला 'ओव्हरइंजिनिअरिंग' एवढंच म्हणा. मीटिंगमध्ये हा शब्द उच्चारला की माणूस गप्प बसतो, हा माझा अनुभव आहे.

आता 'पार्स'चं बघा. ॲपचा डेटा आणि लॉगिन सांभाळणारं भाड्याचं घरच ते. सर्व्हरची कटकट नको म्हणून हजारो ॲप्स त्याच्यावर उभी होती. २०१३मध्ये फेसबुकनं ते विकत घेतलं. एवढा मोठा धनी मिळाल्यावर चिंता कसली? जानेवारी २०१६मध्ये धन्यानं सांगितलं, बिऱ्हाड हलवा. जानेवारी २०१७मध्ये दुकान बंद. लोक उगाच नावं ठेवतात. वर्षभराची मुदत दिली, वर सर्व्हरचा कोडही ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा, करून दिला. आमच्या पुण्यात घरमालक महिन्याचीच नोटीस देतो आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतो.

गूगल मॅप्सही २०१८च्या मध्यापर्यंत ॲपमध्ये दिवसाला २५,००० वेळा फुकट उघडायचे. मग नवं दरपत्रक आलं: फुकटच्या पुढे हजार वेळांना अर्धा डॉलर होता, तिथे सात डॉलर, आणि महिन्याला २०० डॉलरची सूट. हिशोब सोपा आहे. आधी जेवढं दिवसाला फुकट होतं, साधारण तेवढंच तेव्हापासून महिन्याला झालं.

बंद पडलं तर? सेवा चालू की बंद हे दाखवणारं कंपनीचं स्टेटसचं पान उघडा, मन शांत होतं. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनची एस-३ ही साठवणसेवा काही तास आडवी झाली. एका कमांडमध्ये आकडा चुकला होता, बस्स. पण स्टेटसचं पान बदलायची सोयही एस-३वरच टेकलेली. त्यामुळे अर्धं इंटरनेट बोंबलत असताना पानावर सगळं हिरवंगार!

(उलट्या टोकाचे वीरही असतात. माझा एक मित्र ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे स्वतःच लिहायला बसला होता. अजून बसलाय.)

आमच्या डब्याच्या ॲपचंच सांगतो. ओटीपीच्या मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आमच्या पोरानं एका संध्याकाळी वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला. शाळेत शुद्धलेखन चांगलं होतं त्याचं. सकाळपासून एकही ओटीपी जाईना, कारण मजकूर मंजूर साच्याशी जुळत नव्हता. साडेअकराला डबे भरून ओट्यावर, मटकीची उसळ गार होतेय, पत्ते ॲपमध्ये आणि ॲपमध्ये शिरायला ओटीपी. डबे पोचवणारा दादा लॉगआऊट होऊन दारात उभा, हेल्मेटसकट.

सेवा देणाऱ्या कंपनीला तक्रार केली. 'आपण आमच्यासाठी मोलाचे आहात' असं उत्तर तत्क्षणी आलं, अर्थात यंत्राचं. माणसाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'आपली समस्या सुटली असं समजून तिकीट बंद करत आहोत.'

त्या दुपारी डबे गेले ते पोळ्या लाटणाऱ्या मावशींमुळे. पिठाच्या हातानंच त्यांनी बत्तीस पत्ते घडाघडा सांगितले. कुणाच्या उसळीत कांदा नको, कुठली बेल वाजत नाही, कुठल्या आजोबांकडे डबा खिडकीतून द्यायचा, तेही.

एवढा महत्त्वाचा डेटा असा कुणाच्या डोक्यात पडून राहणं बरं नव्हे. संध्याकाळीच बसून मी तो सगळा क्लाउडवर चढवला. पहिले तीन महिने फुकट आहे.