गाव महापालिकेत गेलं की विकास होतो?

"शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायती महापालिकेत विलीन करा. उद्योग येतील, सोयी होतील, कारभार एकहाती होईल." हद्दवाढीचा विषय निघाला की हे हमखास ऐकायला मिळतं. पुण्यात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आत घेतली गेली. त्यामुळे अंदाज बांधायची गरजच नाही.

उद्योग येतील? हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं ते ग्रामपंचायतीच्या हद्दीत, एमआयडीसीमुळे. कारखानदार जमीन, वीज, पाणी आणि महामार्ग बघतो. घरपट्टीची पावती कोण फाडतं हे नाही.

सोयी होतील? हे ऐकून संताप होतो. पुण्याजवळची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं 2021 मध्येच आत आली. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ पसरली, तेव्हा तिथे नळाला विहिरीचं पाणी येत होतं, नुसतं क्लोरीन टाकलेलं. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर. त्याचं पाणी शुद्ध होऊन शहरात जातं आणि धरणाच्या पायथ्याच्या माणसांना साडेतीन वर्षांत जलशुद्धीकरण केंद्र मिळत नाही!

कारभार एकहाती? या 23 गावांचा विकास आराखडा पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिला, रस्ते आणि कचरा महापालिकेकडे. त्यात मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक साडेतीन वर्षांहून जास्त रखडली. ग्रामपंचायत गेली, जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवक आला नाही. काल ग्रामसभेत सरपंचाला जाब विचारणाऱ्या बाईने तोवर पाण्यासाठी कुणाचं दार ठोठावायचं होतं?

हिंजवडीची वाहतूककोंडी एकट्या गावाला सुटणार नाही, हे मात्र अगदी खरं. पण त्यासाठी राज्यघटनेच्या 243 झेडई कलमात महानगर नियोजन समिती आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडायचे असतात. रस्ता, पाणी, कचरा या सामायिक प्रश्नांवर गाव आणि शहर तिथे शेजारी बसू शकतात. गाव पुसावं लागत नाही.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला 2017 मध्ये आत घेतलं. मिळकतकर वाढला, सोयींची वाट बघावी लागली, आणि 2024 मध्ये ती बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुढची गावं घ्यायची असतील तर आधी जलशुद्धीकरण केंद्राची निविदा दाखवा, हद्दीचा नकाशा नंतर.