फ्रातेल्ली म्हणजे भावाभावांचीच वाइन की!

आपल्याकडच्या वाइनवरचा तुमचा लेख बरा आहे पण "आपल्याकडच्या वाइनवाल्यांनी फॅशन म्हणून इंग्रजी-इटालियन नावं उचलली, त्यांचा इथल्या मातीशी संबंध नाही" हे वाक्य काय पटलं नाही बघा. आता फ्रातेल्लीच घ्या. इटालियनमध्ये त्याचा अर्थ भाऊ, एक नाही, अनेक. आणि कंपनी काढली ती तीन घरांतल्या भावांनी, एक घर इटलीचं, एक दिल्लीचं आणि एक आपल्या अकलूजचं, मग दुसरं काय नाव ठेवणार होते? भ्राता आणि फ्रातेल्लो हे शब्द पण मुळात एकाच खानदानातले, जरा मोठ्यानं म्हणून बघा. आम्हा कोल्हापूरकरांना तर हे नाव सांगावंच लागत नाही, इथं रिक्षावाल्यापासून मिसळवाल्यापर्यंत सगळे एकमेकाला "भावा"च म्हणतात.

मला पण आधी म्हाइत नव्हतं. मागं मित्राच्या घरभरणीला, पूजेच्या दिवशी न्हवं हां, दुसऱ्या दिवशी, तांबड्या रश्शाच्या पातेल्याशेजारी ती बाटली ठेवलेली, मी म्हटलं इंपोर्टेड आणली व्हय रं, तर त्यानं बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर दाखवलं, जिल्हा सोलापूर! गप्प बसलो. तांबड्याबरोबर ती काय जमली नाही ते सोडा.

आणि सुला वाइनचं नाव कुठनं आलं ते कसं काय विसरलात? ते तर मालकाच्या आईच्या नावावरनं, सुलभावरनं आलंय. लेबलावरच्या मिशीवाल्या सूर्याबद्दल अख्खा परिच्छेद लिवलाय आणि आईचं नावच गायब.