डीएओ मेला म्हणे! मग पट्टीतली उचल कुठे गेली?

जावावाल्यांमध्ये सध्या डीएओबद्दल (डेटा अ‍ॅक्सेस ऑब्जेक्ट, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा कोड एका जागी ठेवणारा क्लास) एक मजकूर हातोहात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: ‘जेपीए आलं तेव्हाच डीएओ मेला. एन्टिटी मॅनेजर हाच डीएओ. डेटाबेस बदलायचाच नसेल तर मधला थर कशाला? स्प्रिंग डेटाची रिपॉझिटरी घ्या आणि सुटा. हाताने एसक्यूएल लिहिणं म्हणजे मागासपणा.’ (जेपीए म्हणजे जावातल्या वस्तू डेटाबेसात ठेवण्याची ठरलेली पद्धत, एन्टिटी मॅनेजर हा तिचा मुख्य भाग. स्प्रिंग डेटाची रिपॉझिटरी त्यावर नेहमीच्या क्वेरी तयार करून देते. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा.) मी रत्नागिरीत आंब्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. बागायतदार, पेट्या, वाशीच्या आडत्याकडून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) असा सगळा पसारा. त्यात जे भोगलं, त्यावरूनच उत्तर देतो.

‘एन्टिटी मॅनेजर हाच डीएओ’ हे अर्धं खरं आहे. २००१ मध्ये सनच्या मंडळींनी जे-टू-ईईचे पॅटर्न मांडले, त्यात डीएओ होता. डेटाबेसचं कनेक्शन उघडा, आलेल्या रांगा (रिझल्टसेट) फिरवा, शेवटी फायनलीत सगळं बंद करा, ही हमाली त्याच्या आड ठेवायची होती. २००६ साली आलेल्या जेपीएने त्यातली बरीचशी हमाली संपवली. आजही कुणी जेपीएच्या पर्सिस्ट या साठवणाऱ्या मेथडला नुसतं सेव्ह असं नाव देऊन वर एक क्लास बांधत असेल, तर तो खुशाल उडवा.

पण एन्टिटी मॅनेजरला फाइंड (शोधणं) कळतं, मर्ज (बदल जोडणं) कळतं. ‘बागायतदाराचं येणं’ कळत नाही. आमच्याकडे ही क्वेरी तिघांनी तीन सर्व्हिसमध्ये लिहिली होती. दोघांनी पट्टीच्या रकमेतून गाडीभाडं, खोक्यांचे पैसे आणि हंगामाआधी घेतलेली उचल वजा केली. तिसरा उचल विसरला. माणूस तोच, स्क्रीनवर एक आकडा आणि छापील पावतीवर दुसरा. बागायतदार कोडला शिव्या देत नाही, दिवाणजीला देतो. आता ती क्वेरी एकाच क्लासमध्ये, एकाच मेथडमध्ये आहे. त्या क्लासला डीएओ म्हणा की रिपॉझिटरी, माझं काही अडत नाही.

डेटाबेस कोण बदलतो? कुणी नाही, कबूल. पण थर त्यासाठी नव्हताच ठेवलेला. पावतीचा हिशेब तपासायला दरवेळी खरा डेटाबेस उभा करावा लागू नये, एवढं कारण मला पुरतं.

आता रिपॉझिटरी घेऊन ‘सुटण्याबद्दल’. सुटका नाही, तिथेच खरे हाल झाले. बागायतदारांच्या यादीचं पान: ३४० नावं, प्रत्येकापुढे शेवटच्या पट्टीची रक्कम. रिपॉझिटरीने नावं एका क्वेरीत आणली आणि पान मांडणाऱ्या टेम्पलेटने प्रत्येकाच्या पट्ट्या मागितल्या. झाल्या ३४१ क्वेरी. डेटाबेस मुंबईला, एका फेरीला २५ मिलिसेकंद धरा, की साडेआठ सेकंद फेऱ्यांतच गेले. बाहेर वाशीची गाडी भरून उभी, आणि दिवाणजी म्हणाले, “ह्यापेक्षा वहीत लवकर सापडतं हो.” माझ्या लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच होता, तिथे पान पटकन उघडायचं. शिवाय स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (पान तयार होईपर्यंत डेटाबेसचं सत्र उघडं ठेवणं) मुळातच चालू असतं. ते बंद असतं तर पहिल्याच दिवशी लेझी इनिशियलायझेशनचं एक्सेप्शन (सत्र बंद झाल्यावर न आणलेला डेटा मागितल्याची चूक) तोंडावर आलं असतं.

यावर लगेच सांगितलं जातं, ‘जॉइन फेच लावा,’ म्हणजे नावं आणि पट्ट्या एकाच क्वेरीत आणा. लावलं. मग यादीची पानं पाडायला गेलो, तर हायबरनेटने (जेपीए प्रत्यक्षात चालवणारी लायब्ररी) लॉगमध्ये इशारा दिला: कलेक्शनच्या जॉइन फेचबरोबर पानं मागितलीत, म्हणून सगळ्या रांगा मेमरीत आणून तिथे कापतोय. शेवटी नाव, गाव, तारीख, रक्कम एवढेच चार कॉलम आणणारं प्रोजेक्शन लिहिलं. पाहायच्या यादीला अख्खी एन्टिटी (टेबलाच्या रांगेची जावातली वस्तू) लागतच नव्हती.

आणि मागासपणा? हंगाम संपला की गावनिहाय, आठवडानिहाय दर लागतात, मागच्या आठवड्याच्या तुलनेसकट. हे विंडो फंक्शनचं (शेजारच्या रांगांशी तुलना करणाऱ्या एसक्यूएलचं) काम. जेडीबीसी टेम्पलेटमधून (थेट एसक्यूएल चालवणारं स्प्रिंगचं साधन) वीस ओळींचं एसक्यूएल लिहिलं, तेच जेपीक्यूएलमध्ये (जेपीएची क्वेरी भाषा) ओढूनताणून बसवायला मी दोन दिवस घालवले होते. पेट्यांच्या घाऊक नोंदीतही असाच फटका बसला. आयडी आयडेंटिटी कॉलमवर (डेटाबेस नोंद घालतानाच क्रमांक देतो) सोडला, की हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग (अनेक नोंदी एकत्र पाठवणं) करत नाही, बॅच साइज कितीही लिहा. पाच हजार पेट्या म्हणजे पाच हजार इन्सर्ट, एकेक करून. सीक्वेन्सवर (क्रमांक आधीच घेता येतात) गेल्यावर बॅच लागली.

मात्र पट्टी दुरुस्तीचा स्क्रीन मी जेपीएवरच ठेवलाय आणि तो हलवणार नाही. दोन दिवाणजींनी एकच पट्टी एकदम उघडली, तर मागून सेव्ह करणाऱ्याला व्हर्जनचा एक कॉलम अडवतो. पहिल्याची दुरुस्ती गुपचूप पुसली जात नाही. ती राखण प्रत्येक अपडेटमध्ये हाताने लिहायची, तर एखाद्या ठिकाणी मीच विसरेन, उचल विसरली तशी.