निवांत बसा म्हणे!

म्युनिकला मुलीच्या घरी उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिचे मसाल्याचे सगळे डबे रिकामे करून घासले आणि नवऱ्याने बाथरूमचा नळ खोलून वॉशर काढून ठेवला. नवरा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालाय; न गळणाऱ्या नळावर त्याचा विश्वास नाही. जावई फार गुणी, एका शब्दाने काही बोलला नाही. पण थोड्याच दिवसांत मुलीने जेवताना जाहीर केलं, "आई, बाबा, तुम्ही जन्मभर खूप केलंत. आता जरा समुद्रकाठी जाऊन निवांत बसा. फ्रान्समधल्या नीसची तिकिटं काढलीत."

"तिथे पाहायला काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"काही पाहायचं नाहीये, बाबा. बसायचंय."

आराम नक्की कुणाला हवा होता ते मला कळलं. मी अजून एक पोळी वाढून घेतली आणि गप्प राहिले.

आता अडचण अशी की आमच्या घराण्यात प्रवासाला गेलं की हजेरी लावायची असते. माझ्या वन्संनी ग्रुप टूरमधून युरोप केलाय. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. आयफेल टॉवर आधी लागला की स्वित्झर्लंडचा बर्फ, हे त्यांना आता सांगता येत नाही, पण फोटो तारीखवार लावलेले आहेत. आमचं नीसला जाणं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडताच त्यांचा प्रश्न आला, "किती पॉइंट्स आहेत?" शून्य, असं कसं लिहिणार? मी हात जोडलेल्या बाईचं चित्र टाकलं.

नीसला विमान उतरताना खिडकीतून फक्त पाणी दिसतं. धावपट्टी अगदी शेवटच्या क्षणी येते. माझं गणपतिस्तोत्र 'तृतीयं कृष्णपिंगाक्षं'पर्यंत पोचलं होतं, तेव्हा नवरा शांतपणे म्हणाला, "समुद्रात भराव टाकलाय. काम चांगलं आहे." विमानतळावरून ट्राम थेट गावात जाते. टॅक्सीवाल्याशी वाद नाही, बॅगांसाठी ओढाताण नाही, 'मीटरपेक्षा पन्नास जास्त' नाही. सुरुवातच इतकी मिळमिळीत झाल्यावर आम्ही जरा धास्तावलोच.

मुलीने सांगून ठेवलं होतं की सामान टाकलंत की थेट प्रोमनाद देझांग्लेवर जाऊन निळ्या खुर्चीत बसा. हा समुद्राला लागून गेलेला सात किलोमीटरचा रस्ता, आणि त्यावर नगरपालिकेने निळ्या रंगाच्या खुर्च्या ठेवल्यात. तोंड समुद्राकडे करून त्यांत बसायचं. बस्स. पैसे नाहीत, तिकीट नाही, उठवायला कुणी येत नाही. आम्ही बसलो. समोर पाणी निळं, आणि मान्य करते, असा निळा मी साडीतसुद्धा पाहिला नव्हता. पाच मिनिटं गेली.

"मग?" नवरा म्हणाला.

"मग काय?"

"बसलो की."

"मग बसायचं अजून."

"पाठ कशाला टेकलीस? झोप लागेल."

त्याला गुंतवून ठेवायला मी फोनवरून माहिती वाचून दाखवायला लागले. अठराव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज थंडी चुकवायला इथे येत. १८२० च्या सुमारास कडक हिवाळ्याने गावात भुकेल्या माणसांची गर्दी झाली, तेव्हा या पाहुण्यांनी पैसे उभे करून त्यांना कामाला लावलं आणि स्वतःला फिरायला किनाऱ्याने वाट करून घेतली. म्हणून रस्त्याचं नाव इंग्रजांवरून. नवरा ताठ बसला. "म्हणजे ही रोजगार हमीची कामं! मस्टर कोण ठेवत असेल?" पुढची पंधरा मिनिटं त्याने फरसबंदीकडे पाहण्यात घालवली. समुद्र तसाच पडून होता.

पण या गावाचं मला कौतुक वाटतं. २०२१ साली युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते हिवाळ्यात येऊन राहण्याचं, विसाव्याचं शहर म्हणून. वेरूळकरांना त्यासाठी अख्खा डोंगर फोडावा लागला होता. यांनी दोन-अडीचशे वर्षं माणसं नुसती बसवून ठेवली. व्हिक्टोरिया राणीसुद्धा म्हातारपणी इथे यायची. सिमिएच्या टेकडीवर रेजिना नावाचं राजवाड्याएवढं हॉटेल आहे, तिथे तिचा मुक्काम. १८९७ च्या वसंतात, म्हणजे पुण्यात प्लेग आणि रँडसाहेब दोन्ही एकदम चालू होते तेव्हा, बाई इथे गाढवाच्या गाडीतून हवा खात होत्या. राज्य आमच्यावर आणि आराम इथे. हे वाचल्यावर मीही त्या खुर्चीत जरा ऐसपैस बसले. वसुली म्हणून.

दुसऱ्या दिवशी किनारा. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, हे मुलीने सांगितलं नव्हतं. गोटे आहेत. राखाडी, गुळगुळीत, बटाट्यापासून नारळापर्यंत सगळ्या मापांचे. त्यांच्यावरून अनवाणी पाण्यापर्यंत जाताना माझ्या तोंडून जे आवाज निघाले ते ऐकून शेजारच्या फ्रेंच बाईने पुस्तक मिटलं. "ॲक्युप्रेशर समज," नवरा मागून म्हणाला. त्याने बूट काढले नव्हते. पाण्यात शिरलं तर दोन पावलांत तळ नाहीसा होतो, त्यामुळे 'घोट्यापर्यंत जाऊन येते' ही आपली कोकणातली पद्धत इथे चालत नाही. एक तर कोरडे, नाही तर गळ्यापर्यंत. आडवं व्हायला खासगी भागात गादीची खुर्ची भाड्याने मिळते, दिवसाला वीस-पंचवीस युरो आणि वर. युरोचे शंभर रुपये धरले की दोन-अडीच हजार. झोपायचे! घरी आम्ही फुकट झोपतो, तेही पंखा लावून. शेवटी गोट्यांवर टॉवेल अंथरला आणि कुठल्या कुशीवर कमी टोचतं त्याचा शोध घेत राहिले. आजूबाजूला आमच्या वयाच्या बायका अंगभर ऊन घेत होत्या. अंगभर म्हणजे अंगभर. नवऱ्याने क्षितिजावर एक जहाज शोधून काढलं आणि ते दिसेनासं होईपर्यंत त्याच्यावरून नजर हटवली नाही. नंतर ते दिसेनासं झालं तरीही.

किल्ला आहे असं कळल्यावर मात्र त्याच्यात जीव आला. जुन्या गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे, तिचं नावच 'किल्ल्याची टेकडी'. वर गेलो तर झाडी, मुलांच्या घसरगुंड्या, एक बांधलेला धबधबा आणि खाली सगळा उपसागर. किल्ला कुठेय? चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडून टाकला. बाकीचे प्रवासी थोडे हिरमुसले होते. आम्हाला त्याचं काय? किल्ला म्हणून वर जायचं आणि एक जोतं पाहून 'इथे राजवाडा होता' असं म्हणून डबा उघडायचा, यातच आमचं बालपण गेलं. फरक एवढाच की इथे वर जायला लिफ्ट आहे आणि तीही फुकट. नवऱ्याने ती नाकारली. पायऱ्या चढून धापा टाकत पोचल्यावर त्याचा चेहरा नीसला आल्यापासून पहिल्यांदा समाधानी दिसला.

त्यानंतर त्याला नदीने गाठलं. नकाशात त्याला पायाँ नावाची नदी दिसली आणि गावात ती कुठेच सापडेना. चौकशीअंती कळलं की नदी आहे, पण खाली. गावाच्या मध्यातून ती झाकून टाकलीय आणि २०१३ पासून तिच्यावर बाग आहे. निवृत्त माणसाला असं काही सांगू नये. सगळी सकाळ तो त्या बागेत पावलाखाली कान देऊन फिरत होता. पुराचं पाणी किती येतं, झाकण किती जाडीचं, गाळ कोण काढतं, असे प्रश्न तो मला विचारत होता, जशी काही मी नीसची नगरसेविका. बागेत जमिनीतून उडणारी कारंजी आहेत, एकशे अठ्ठावीस. पोरं त्यांच्यात भिजत किंचाळत होती आणि माझा नवरा मधोमध उभा राहून एकेक तोटी मोजत होता. विजार गुडघ्यापर्यंत ओली.

"सगळी चालू आहेत," तो परत येऊन म्हणाला. आवाजात काळजी होती. "असं कसं?"

वारा चांगला सुटला होता, म्हणून मी ओढणी गळ्यापासून सोडून दिली होती. ती पाहून त्याला दुसरं काम मिळालं. इझाडोरा डंकन ही नामांकित नर्तकी १९२७ साली याच गावात वारली. उघड्या मोटारीतून जाताना तिचा लांब स्कार्फ चाकात अडकला. हे मीच त्याला आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. मी पायी चालत असतानाही तो दर दहा पावलांना "ओढणी!" असं ओरडत राहिला. सायकलवाले घाबरून बाजूला होत होते.

जेवणाचं एक वेगळंच. दुपारी बाराच्या ठोक्याला टेकडीवरून धाड्‌कन आवाज होतो. पहिल्या दिवशी मी खाली बसले. गावातलं कुणी मान वर करून पाहिलं नाही. गोष्ट अशी सांगतात की एकोणिसाव्या शतकात एक स्कॉटिश साहेब इथे राहायचा आणि त्याची बायको फिरायला गेली की गप्पांत जेवणाची वेळ विसरायची. साहेबाला भूक आवरेना. त्याने बाराला तोफ उडवायची व्यवस्था केली, म्हणजे बाई ऐकून घरी येतील. पुढे ती गावाचीच चाल झाली. आता तोफ नाही, बार उडवतात. नवऱ्याला ही गोष्ट बेहद्द आवडली. मला इतकंच विचारायचं आहे की तोफ उडवण्याइतकी हुशारी होती, तर ताट वाढून घ्यायला काय झालं होतं?

बरं, बाराला बार उडाला तरी दोननंतर स्वयंपाकघरं बंद. पुन्हा उघडणार संध्याकाळी सातला. मधल्या वेळात माणसाने निवांत बसावं अशी अपेक्षा. आमचा तारणहार सोक्का. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, भलामोठा तांब्याचा गोल तवा, लाकडाची भट्टी, वरून मिरपूड. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त भट्टीत गेलेलं. कडा करपलेल्या, मधे मऊ, आणि हाताने खायचं. नवऱ्याने दुसरी प्लेट मागवताना डोळे मिटून घेतले. घरी धिरडं केलं की हाच माणूस "आज भाजी नव्हती का?" असं विचारतो.

एका संध्याकाळी तो एकदम गंभीर झाला. "इथून मार्सेय आगगाडीने अडीच-तीन तासांवर आहे. सावरकरांनी १९१० साली बोटीतून उडी मारली ती तिथे. इतकं जवळ येऊन न जाणं बरं दिसत नाही." आता यावर कुठलीही मराठी बायको काय बोलणार? बसायचा कंटाळा घालवायला माणसाने थेट राष्ट्रकार्य काढलं होतं. मी फक्त म्हटलं, "उद्या माझी संकष्टी आहे. उपासाची मी धावपळ करणार नाही." राष्ट्रकार्य एक दिवस पुढे गेलं.

संकष्टीला सकाळी कूर सालेयाच्या बाजारातून चेरी आणि पीच आणले. फुलांच्या त्या बाजारात जास्वंद मिळेल या आशेने तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी लाल जिरेनियमवर बाप्पाला राजी केलं. प्रश्न चंद्रोदयाचा. पंचांगात मुंबई, पुणे, बेळगाव, सगळ्यांच्या वेळा असतात. नीसची नसते. मुलीने शोधून कळवलं: रात्री पावणेबारा. जूनमध्ये तिकडे सूर्यच नवानंतर मावळतो, मग चंद्राला तरी कसली घाई? हॉटेलं तोवर मिटणार, म्हणून सोक्क्याची पुडी आधीच बांधून घेतली आणि नऊ वाजता खुर्च्या धरल्या. निळ्या. समुद्राकडे तोंड करून.

आणि आम्ही बसलो. हालचाल नाही, चुळबुळ नाही. नवऱ्याने फरसबंदी पाहिली नाही, जहाज शोधलं नाही, "मग?" म्हणून विचारलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. लोक स्केटिंग करत समोरून गेले, कुणीतरी गिटार वाजवून दमलं. मधेच मुलीचा फोन आला.

"काय करताय?"

"बसलोय."

"व्वा! शेवटी आराम!"

"आराम कसला? चंद्राची वाट बघतोय. ठेव फोन, कामात आहोत."

डाव्या हाताला तो उगवला तेव्हा बारा वाजत आले होते. तांबूस, थोडा चेपलेला. मी पाण्याच्या बाटलीतून ओंजळीत पाणी घेऊन अर्घ्य दिलं, नवऱ्याने फोनवर हळू आवाजात आरती लावली. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थबकले, आरती संपेपर्यंत उभे राहिले, "बोन्स्वार" म्हणाले आणि गेले. कुत्र्याने मात्र सोक्क्याची पुडी हुंगून पाहिली होती, म्हणून वरचा तुकडा त्याला टाकला आणि बाकीचा थंडगार आम्ही दोघांनी खाल्ला. चंद्राचा फोटो काढून ग्रुपवर पाठवून दिला.

सकाळी वन्संचं उत्तर आलेलं होतं. "चंद्र आम्हाला डोंबिवलीतूनही दिसला, तोही तुमच्या आधी. बाकी काय पाहिलंत?"

मी हात जोडलेल्या बाईचं चित्र शोधत होते. तेवढ्यात नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं:

"१२८ कारंजी. सगळी चालू."