स्टोक रोची विहीर राहिली की!

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या खेड्यांवरचा तुमचा लेख छान, पण तिथे फिरताना तुम्ही चर्च आणि पबपाशीच रेंगाळलात. स्टोक रो गावातली ‘महाराजांची विहीर’ कशी सुटली?

हे गाव ज्या चिल्टर्न टेकड्यांवर आहे, त्या खडूच्या दगडाच्या. पाऊस पडला की पाणी खाली झिरपून जातं, त्यामुळे उंचावरच्या या गावात पाण्याचे कायम हाल. त्याच भागातले एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. आपल्या इंग्लंडमधल्या भागातल्या पाणीटंचाईची गोष्ट त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना सांगितली, आणि महाराजांनी चक्क विहिरीचा खर्च उचलला! दुष्काळी मदत त्या काळी उलट्या दिशेनेही गेली होती तर.

१८६४ मध्ये विहीर खुली झाली. व्यास जेमतेम चार फूट, खोली मात्र ३६८ फूट, म्हणजे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या उंचीपेक्षा जास्त. सगळं हाताने खणलेलं. एक बादली वर यायला दहाएक मिनिटं रहाट फिरवावा लागे. वर लोखंडी खांबांवर घुमट, आणि खाली रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली होती. ही शक्कल मला विहिरीपेक्षा जास्त आवडली.