एरंडेल, अननस आणि ‘गाईचं इंजेक्शन’

माझ्या मामेबहिणीला 38वा आठवडा लागलाय. काल तिच्या सासूबाईंनी फॉरवर्ड पाठवला: ‘नवव्या महिन्यात दुधातून एरंडेल घ्या, अननस खा, कळा आपोआप येतील. हॉस्पिटलात कळांसाठी देतात ते गाईला पान्हा सोडायला टोचतात तेच इंजेक्शन, बाळाला विष!’ आणि एरंडेलाची बाटली आणूनही मोकळ्या झाल्या.

एरंडेलाने कधीकधी कळा येतात, हे नाइलाजाने मान्य. आतड्यातलं लायपेज हे एन्झाइम तेलातून रिसिनोलेइक आम्ल मोकळं करतं आणि ते प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनाच्या ईपी3 रिसेप्टरला (पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या रेणूला) चिकटतं. हा रिसेप्टर आतड्यातही आहे, गर्भाशयातही. 2012 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हा रिसेप्टरच नसलेल्या उंदरांना एरंडेल दिलं. ना त्यांना जुलाब झाले, ना गर्भाशय आवळलं. म्हणजे जुलाब आणि कळा एकाच बटणाने सुरू होतात. दिवस भरलेल्या बाईला रात्रभर संडासाच्या फेऱ्या घालायला लावायच्या आणि सकाळी म्हणायचं, लाव जोर!

त्याहून वाईट म्हणजे पोटात गेलेलं तेल परत काढता येत नाही. दोन कळांमधल्या उसंतीतच वारेला नीट रक्त मिळतं. कळा एकीवर एक आल्या तर बाळ गुदमरतं, आणि आधीचं सिझेरियन असेल तर त्या व्रणावर गर्भाशय फाटू शकतं. घरी ठोके कोण बघणार? सासूबाई?

‘आपोआप’बद्दल: प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक महिनोन् महिने गर्भाशयाला शांत ठेवतं. शेवटी त्याचा पगडा सैल होतो, स्नायूत कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे रिसेप्टर वाढतात, पेशी एकमेकींना जोडल्या जातात. ही तयारी नसेल तर तेलाने बहुतेकदा फक्त पोट बिघडतं.

आता गाईचं इंजेक्शन. हो, ऑक्सिटोसिनच. गाईचं आणि बाईचं एकच, बाईच्या मेंदूतही तेच तयार होतं. गोठ्यात गैरवापर होतो हेही खरं. त्यापायीच 2018 मध्ये केंद्राने खासगी उत्पादनावर बंदी आणली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली. पण हॉस्पिटलात ते सलाईनमधून, ठोके बघत, थेंबाथेंबाने देतात. कळा जास्त झाल्या की सलाईन बंद. रक्तातलं प्रमाण काही मिनिटांत निम्म्यावर येतं. प्रसूतीनंतर रक्तस्राव टाळायला याचेच 10 युनिट द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. विष म्हणे! मात्र बाळंतपणाआधी कोणी घरी येऊन तेच दंडात टोचत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. एकदा टोचलं की तेही बंद करता येत नाही.

अननसाने बायकांना कळा सुरू होतात, याला पुरावा नाही. फोडी खाऊ दे तिला, आवडतात. बाटली मात्र मी उचलून आणलीय.