'आय' अक्षराची गिन्नी खोटी नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: १९१८ सालच्या गिन्नीवर (ब्रिटिश सोन्याचं नाणं, सॉव्हरिन) बारीक 'आय' अक्षर दिसलं तर ती बनावट, लगेच मोडून टाका. कृपया असं करू नका! ते अक्षर आपल्या मुंबईचंच आहे. लंडनच्या रॉयल मिंटची शाखा १९१८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि इथे पाचव्या जॉर्जच्या गिन्न्या पाडल्या गेल्या. 'आय' म्हणजे इंडिया. सिडनीच्या गिन्नीवर तसाच 'एस' असतो, लंडनच्या गिन्नीवर काहीच नसतं.

भिंग घ्या. ज्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनला मारतोय, तिथे पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर मधोमध हे अक्षर सापडतं. नाण्याचं वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२ मिमी, सोनं २२ कॅरेट. झिजलेलं नाणं किंचित हलकं भरेल. जड भरलं तर शंका घ्या.

लोहचुंबकाला चिकटली नाही तर गिन्नी खरी, ही त्याच मजकुरातली कसोटी फोल आहे, कारण पितळही चुंबकाला चिकटत नाही. झवेरी बाजारातलं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र) सोन्याचा कस सांगतं, नाणं कुठल्या टांकसाळीतलं ते नाही. बैरूतमध्ये पाडलेल्या नकली गिन्न्यांत बऱ्याचदा सोनं चोख असायचं! म्हणून अक्षरांच्या कडा, घोड्याची आयाळ, काठावरच्या रेघा खात्रीच्या नाण्याशेजारी ठेवून जाणकाराकडून जुळवून घ्या. कसोटीच्या दगडावर मात्र कुणाला घासू देऊ नका, ओरखडा पडला की संग्राहक भाव पाडतात.